बायपासनंतर छातीची जखम चिघळली तर: साफसफाई, व्हॅक आणि फ्लॅपची पूर्ण माहिती

टाके निघून आठवडा झालेला असतो, पेशंट सोलापूरला घरी आलेला असतो आणि बनियनवर पिवळसर डाग दिसायला लागतो. अशा वेळी ठरवायची गोष्ट एकच असते. जंतुसंसर्ग कातडी आणि चरबीपुरताच आहे, की खाली हाडापर्यंत आणि हाडामागच्या पोकळीपर्यंत पोचलाय? वरचा असेल तर ड्रेसिंग आणि गोळ्यांवर भागतं. खोलचा असेल तर इंजेक्शनं कितीही बदलली तरी भागत नाही. मेलेल्या हाडात रक्त पोचत नाही, आणि जिथे रक्त पोचत नाही तिथे औषधही पोचत नाही. मग उघडून साफ करण्यावाचून इलाज नसतो.

खोल संसर्ग १०० ऑपरेशनांमागे साधारण १ ते ३ जणांना होतो. मधुमेह, लठ्ठपणा, विडी-सिगारेट, जुना दमा, किडनीचा त्रास किंवा रक्तस्रावामुळे छाती पुन्हा उघडावी लागलेली असणं, यांपैकी दोन-तीन गोष्टी एकाच माणसात असतील तर धोका बराच वाढतो. पुढचं सगळं घरच्यांसाठी आहेच, पण तालुक्याच्या ठिकाणी ड्रेसिंग करणाऱ्या डॉक्टर-सिस्टरांसाठीही आहे. बहुतेक पेशंट आधी त्यांच्याकडेच जातात.

वरचं की खोलचं?

पेशंटला खुर्चीत ताठ बसवा. तळहात छातीच्या मधल्या हाडावर सपाट ठेवा आणि हळू खोकायला सांगा. हाताखाली ‘कट्’ असं काही सरकल्यासारखं लागलं, तर हाडाचे दोन भाग एकमेकांवर हलतायत असं समजा. हाड बांधलेल्या स्टीलच्या तारा तुटल्या असतील किंवा त्यांनी हाड कापलं असेल. ही तपासणी एकदाच करायची. घरातल्या प्रत्येकाने हात लावून बघायचं नाही.

कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप, खोकल्याबरोबर जखमेतून बुडबुडे येणं ही खोल संसर्गाची लक्षणं. मधुमेह्यांना मात्र ताप येतोच असं नाही. आटोक्यात असलेली साखर काही कारण नसताना ३०० च्या घरात जायला लागली, तर तोच ताप समजावा. आणखी एक फसवं लक्षण आहे: अचानक भरपूर गुलाबी, पातळ पाणी येतं, पू अजिबात नसतो आणि घरच्यांना हायसं वाटतं. प्रत्यक्षात असं पाणी बऱ्याचदा हाड उसवल्याचं सांगत असतं.

बहुतेक खोल संसर्ग पहिल्या महिन्याच्या आत दिसतात, पण ९० दिवसांपर्यंत डोळे उघडे ठेवायचे.

पहिल्या दिवशी काय करायचं, काय नाही

ज्या युनिटने ऑपरेशन केलं तिथे त्याच दिवशी फोन करा आणि जखमेचा उजेडात काढलेला फोटो पाठवा. ऑपरेशन पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला झालं असेल आणि लगेच जाणं शक्य नसेल, तर सोलापुरात हृदयाचे सर्जन असलेल्या रुग्णालयात दाखवा. जखम ‘जरा उघडून’ पू काढण्याचं काम छोट्या दवाखान्यात भूल न देता करू नये. हाडाच्या मागे लगेच हृदयाचा उजवा कप्पा असतो, आणि ऑपरेशननंतर तो हाडाला चिकटलेला असतो. आत घातलेली चिमट्याची टोकं कुठवर जातायत हे बाहेरून कळत नाही.

अँटिबायोटिक घाईने सुरू करू नका. पेशंटचं बीपी पडलेलं असेल, तो गुंगीत असेल किंवा धाप लागलेली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एक तासही दवडायचा नाही. पण स्थिर पेशंटला आधी दोन वेगळ्या जागांहून रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घ्यावं, मगच औषध द्यावं. कल्चरआधी तीन-चार दिवस गोळ्या झाल्या की जंतू वाढत नाहीत, रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो आणि पुढचे सहा आठवडे अंदाजाने औषधं चालवावी लागतात. जखमेवर हळद, राख, कडुलिंबाचा पाला असलं काहीही लावायचं नाही. त्यातले मातीतले जंतू वेगळेच दुखणं मागे लावतात.

फाईल बरोबर न्या. त्यात डिस्चार्ज कार्डापेक्षा ऑपरेशन नोट महत्त्वाची. सर्जनला चार गोष्टी हव्या असतात: छातीच्या आतली डावी धमनी (लिमा) वापरली की दोन्ही बाजूंच्या, पोटाजवळची धमनी वापरली का, कृत्रिम झडप बसवलीय का, आणि रक्त पातळ करणारी कोणती औषधं चालू आहेत. पुढे फ्लॅप, म्हणजे पोकळी भरायला वापरायचं जिवंत मांस, कुठून घ्यायचा हे पहिल्या दोन उत्तरांवर ठरतं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. मेटलची झडप असेल तर अजिबातच नाही.

तपासण्या

सीबीसी, सीआरपी (अंगातला दाह-संसर्ग दाखवणारी), क्रिएटिनिन (किडनीची), साखर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची), अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाची), झडप असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याची). सीआरपी ऑपरेशननंतर तसाही वाढतो. दोन-तीन दिवसांनी तो उतरणीला लागतो. एकदा उतरून पुन्हा चढला तर त्याला अर्थ आहे. म्हणून एका आकड्यापेक्षा जुने रिपोर्ट शेजारी ठेवून बघावेत.

सीटी स्कॅनवर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फार भिस्त ठेवू नये. ऑपरेशननंतर हाडामागे थोडं पाणी आणि हवा राहतेच, त्यामुळे पू आणि साधं पाणी यांतला फरक कळणं अवघड जातं. तिसऱ्या आठवड्यानंतरही हवेचे बुडबुडे किंवा कडा जाड झालेला पाण्याचा साठा दिसला, तर मात्र तो बोलका असतो. जखमेवरून कापसाची काडी फिरवून घेतलेलं स्वॅब बऱ्याचदा कातडीवरचेच जंतू दाखवतं. खरं उत्तर ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यांतून मिळतं.

साफसफाई: सगळा खेळ इथेच

नंतर कितीही देखणा फ्लॅप बसवा, खाली मेलेलं हाड राहिलं असेल तर महिन्या-दोन महिन्यांत जखम पुन्हा फुटते. म्हणून डिब्राइडमेंट, म्हणजे मेलेलं सगळं काढून टाकणं, ही या उपचारातली सगळ्यात मोठी पायरी. नातेवाइकांना ‘फक्त साफ करणार आहेत’ असं सांगितलं जातं, पण हे पूर्ण भुलीचं, पूर्ण तयारीचं ऑपरेशन असतं. रक्ताच्या बाटल्या आधीच जुळवून ठेवाव्या लागतात आणि गरज पडली तर हार्ट-लंग मशीन लावता येईल अशी सोय असावी लागते.

जुन्या चिरेवरूनच उघडतात. तारा साधारण सहा ते आठ असतात. प्रत्येक तारेचा पीळ वर उचलून एका बाजूला कापायचा आणि दुसऱ्या बाजूने हळू ओढायची. कापलेलं टोक आतून फिरताना उजव्या कप्प्याला ओरबाडू शकतं, म्हणून इथे घाई नको. हाडाच्या दोन्ही कडा लगेच फाकवत नाहीत. आधी हाडामागे चिकटलेला भाग थोडा थोडा सोडवतात, कारण हृदय दोन्ही कडांना चिकटलेलं असताना कडा ताणल्या तर कप्पाच फाटू शकतो.

मग नमुने. तीन ते पाच वेगवेगळ्या जागांचे तुकडे, दर वेळी स्वच्छ हत्यार वापरून. कल्चरचे तुकडे निर्जंतुक डबीत, हवं तर थोड्या सलाईनमध्ये. फॉर्मेलिन जंतू मारतं, म्हणून त्यात फक्त बायोप्सीचा तुकडा घालायचा. सगळे तुकडे एकाच फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकल्याने कल्चर वाया जाण्याचा प्रकार वारंवार घडतो, म्हणून ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) डबे बाहेर येतानाच लेबल तपासलेलं बरं. साध्या कल्चरबरोबर बुरशीचं आणि टीबीचंही मागवावं. आपल्याकडे टीबीचा जंतू छातीच्या हाडात सापडणं अशक्य नाही.

हाड किती काढायचं? खरवडल्यावर त्याच्या कडेतून रक्ताचे बारीक ठिपके येईपर्यंत. ठिपके आले की ते हाड जिवंत. पिवळट, कोरडं, ठिसूळ हाड काढून टाकायचं. बरगड्यांना जोडणाऱ्या कूर्चांवर विशेष लक्ष हवं. त्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, त्यामुळे संसर्ग एकदा शिरला की त्या बऱ्या होत नाहीत. निरोगी कूर्चा चकचकीत आणि घट्ट असते. मऊ पडलेली, करड्या रंगाची दिसली की ती पूर्ण काढावी. अर्धी ठेवलेली कूर्चा हे संसर्ग पुन्हा उलटण्याचं नेहमीचं कारण आहे.

शेवटी ३ ते ६ लिटर कोमट सलाईनने, जोर न लावता धुतात. हायड्रोजन पेरॉक्साइड या पोकळीत नको, त्याचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. बीटाडीन जास्त वेळ आत भरून ठेवल्यास आयोडीन रक्तात जातं आणि किडनी नाजूक असलेल्या पेशंटला ते महागात पडतं.

मग बंद करायचं की उघडं ठेवायचं?

संसर्ग लवकर पकडला गेला असेल, हाड टणक असेल आणि पू थोडाच असेल, तर त्याच बैठकीत नव्या तारा घालून, आत नळ्या ठेवून छाती बंद करता येते. हाडाच्या कडा कमकुवत असतील तर दोन्ही बाजूंना बरगड्यांमधून तार ओवून आधी कडा मजबूत करतात आणि मग आडव्या तारा घालतात. या विणीला रॉबिसेक म्हणतात. हाड बरंच गेलं असेल किंवा पहिल्या साफसफाईनंतरही खात्री नसेल, तर जखम काही दिवस उघडी ठेवून त्यावर व्हॅक, म्हणजे ओढ लावणारा पंप, लावतात. पेशंट स्थिर असेल आणि जखम एका फटक्यात स्वच्छ झाली असेल, तर काही सर्जन त्याच दिवशी फ्लॅपही करतात. दोन्ही पद्धती रास्त आहेत. मात्र वेळ वाचवण्यासाठी अर्धवट साफ केलेल्या जागेवर फ्लॅप झाकणं रास्त नाही.

व्हॅक म्हणजे काय आणि कुठे बिघडतं

जखमेच्या मापाने कापलेला काळा फोम, वर हवाबंद पारदर्शक चिकट पट्टी आणि तिला छोट्या पंपाची नळी. पंप १२५ मिलिमीटर पाऱ्याइतकी ओढ लावतो. हृदय अगदी उघडं असेल तर ७५ ते १०० वर ठेवतात. ओढीमुळे पाणी-पू निघून जातो, सूज उतरते आणि छातीच्या दोन बाजू एकमेकींना धरून राहतात. त्यामुळे पेशंट व्हेंटिलेटरवरून लवकर निघतो, उठून बसतो.

फोम कधीही थेट हृदयावर ठेवायचा नाही. मध्ये पॅराफिन गॉजचे चार-पाच थर हवेत, आणि ते दोन्ही बाजूंच्या हाडाच्या कडांखाली जायला हवेत. हाडाची तीक्ष्ण कड ओढीमुळे उजव्या कप्प्यावर घासून तो फाटणं हा व्हॅकमधला सर्वांत भयंकर धोका आहे. म्हणून पाणी-पू साठण्याच्या बॅगेत अचानक लालभडक रक्त दिसलं तर मशीन बंद करायची, फोम उपटायचा नाही, वरून हाताने स्थिर दाब द्यायचा आणि सर्जनला बोलवायचं. फोम दर ४८ ते ७२ तासांनी बदलतात. आत किती तुकडे घातले हा आकडा पट्टीवर मार्करने लिहावा, म्हणजे काढताना एखादा तुकडा आत राहत नाही.

मशीन दिवसभरात दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर फोम काढून सलाईनच्या गॉजचं साधं ड्रेसिंग करतात, नाहीतर बंद फोमखाली जंतू फोफावतात. सोलापूरहून पुण्याला नेताना हे नीट लक्षात ठेवा. सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चार्जिंगची सोय आहे का ते निघण्याआधी विचारा, छातीला पट्टा बांधा.

जखम लालसर, दाणेदार दिसायला लागली, सीआरपी उतरला, ताज्या तुकड्यांत जंतू कमी झाले किंवा गेले, की बंद करायची वेळ आली. बहुतेकांना दोन ते चार वेळा फोम बदलावा लागतो.

फ्लॅप: पोकळी भरण्यासाठी जिवंत मांस

हाड काढल्यावर राहिलेली पोकळी नुसती कातडी ओढून झाकली तर आत पाणी साठतं आणि त्यात पुन्हा जंतू वाढतात. तिथे रक्तपुरवठा असलेलं मांस भरावं लागतं. पहिली पसंती छातीच्या मोठ्या स्नायूला, पेक्टोरॅलिसला. त्याला दोन बाजूंनी रक्त मिळतं: खांद्याकडून येणारी मुख्य धमनी आणि छातीच्या हाडाशेजारच्या धमनीच्या (डावीकडची म्हणजेच लिमा) बारीक फांद्या. खांद्याकडच्या धमनीवर ठेवून स्नायू मध्यभागी सरकवता येतो. बायपासला लिमा वापरली असली तरी ही पद्धत चालते. दुसऱ्या पद्धतीत स्नायू खांद्याकडून सोडवून पानासारखा उलटा करून पोकळीत टाकतात. पण मग त्याचं सगळं रक्त हाडाशेजारच्या धमनीवर येतं. लिमा काढलेली असेल तर डावीकडे हा प्रकार करताच येत नाही. ऑपरेशन नोट मागितली जाते ती यासाठी.

पेक्टोरॅलिस हाडाच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत नीट पुरत नाही, आणि जखमा तिथेच जास्त फुटतात. तिथे पोटाचा सरळ स्नायू वर वळवतात. त्याचं रक्त छातीच्या त्याच धमनीच्या पुढच्या भागातून येतं, म्हणून तोही ती धमनी न वापरलेल्या बाजूचाच भरवशाचा. पोकळी खोल आणि वेडीवाकडी असेल तर पोटातली चरबीची चादर, ओमेंटम, वर आणतात. संसर्गाशी झुंजण्यात ती स्नायूपेक्षा सरस ठरते, प्रत्येक खाचेत बसते. मात्र पोट उघडावं लागतं, आणि पुढे तिथे हर्निया होऊ शकतो. पोटाचं आधी मोठं ऑपरेशन झालं असेल किंवा पोटाजवळची धमनी बायपासला वापरली असेल तर ओमेंटमचा पर्याय बहुधा राहत नाही. शेवटचा पर्याय पाठीचा स्नायू. त्यासाठी पेशंटला कुशीवर वळवावं लागतं, आणि छाती डळमळीत असताना ते सोपं नसतं.

फ्लॅपखाली दोन ते चार सक्शन ड्रेन (पाणी ओढून घेणाऱ्या नळ्या) ठेवतात. २४ तासांत ३० मिलिलिटरपेक्षा कमी पाणी आलं की एकेक काढतात. पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त दिसणारी गुंतागुंत म्हणजे फ्लॅपखाली रक्त साठणं. झडपेसाठी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर हमखास लक्ष ठेवावं. एका बाजूला फुगवटा, ड्रेन अचानक बंद, हिमोग्लोबिन उतरलेलं, असं दिसलं की त्याच दिवशी पुन्हा ओटीत नेतात. साठलेल्या रक्ताचा पू व्हायला वेळ लागत नाही.

अँटिबायोटिक शेवटच्या साफसफाईच्या दिवसापासून साधारण ४ ते ६ आठवडे. त्यातला सुरुवातीचा भाग शिरेतून. व्हॅन्कोमायसिनसारखं औषध चालू असेल तर क्रिएटिनिन आठवड्यातून किमान दोनदा बघावं.

घरी आल्यावर

साखर १४० ते १८० च्या आसपास ठेवावी. जखम भरेपर्यंत बहुतेकांना इन्सुलिन लागतं आणि ते नंतर सुटूही शकतं. तंबाखूबद्दल विचारताना मिश्रीचं वेगळं विचारावं लागतं. ‘विडी ओढत नाही’ म्हणणारी आजी दिवसातून तीनदा मिश्री लावत असते, आणि निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाऊनही फ्लॅपच्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतंच.

प्रथिनं रोज किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. नुसत्या वरणाच्या पाण्यावर ते होत नाही. दोन अंडी १२, दोन ग्लास दूध १३ च्या आसपास, मूठभर शेंगदाणे किंवा तेवढ्या दाण्यांची चटणी ७, ज्वारीच्या तीन भाकऱ्या १५ ते १८, घट्ट डाळ-उसळीच्या तीन वाट्या २० च्या जवळपास. चिकन-मासे खाणाऱ्यांना हा आकडा सहज गाठता येतो. चटणी खुशाल खा, मीठ मात्र जपून. शेंगापोळी गुळामुळे मधुमेह्याला नको. किडनी कमजोर असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

पाण्याचं बघा. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून ते पिंपात साठवलं जातं, आणि साठवलेल्या पाण्यात जखमेला त्रासदायक जंतू वाढतात. उघड्या जखमेवर हे पाणी घालू नये. अंग पुसून घ्यावं, जखम सलाईननेच स्वच्छ करावी. पाणी आलं की हंडे भरायची घाई होते, त्या वेळी पेशंटने हात लावायचा नाही. पहिले दोन महिने दोन-तीन किलोपेक्षा जास्त वजन नको, कोपरं अंगाजवळ ठेवून काम करायचं, आणि पेक्टोरॅलिस फ्लॅप असेल तर हात खांद्याच्या वर नेणं सहा आठवडे बंद. यंत्रमागावर काम करणाऱ्याने परत जाण्याची तारीख सर्जनकडून लिहून घ्यावी. सूत जोडताना हात सतत वर-पुढे जातो.

एप्रिल-मेच्या उन्हात घामाने पट्टी सुटते. ती ओली झाली की लगेच बदला. बायकांनी समोरून उघडणारी सुती, आधार देणारी ब्रा पहिल्या दिवसापासून, रात्रीसुद्धा वापरावी. वजनदार स्तनांचा ओढा थेट टाक्यांवर येतो, आणि संकोचापोटी हे विचारलंच जात नाही.

खर्चाचं एवढंच: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान कार्डावर दुसऱ्या ऑपरेशनचं कोणतं पॅकेज मंजूर होतं आणि व्हॅकचे फोम त्यात धरले जातात का, हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) विचारून घ्या.

महिन्यांनी फुटलेलं बारीक तोंड

जखम भरून सहा महिने झाले, आणि मग चिरेवर एक फोड येतो, फुटतो, बंद होतो, पुन्हा फुटतो. दुखत नाही, म्हणून वर्षभर मलम चालतं. कधी खाली एकच संसर्गित तार असते आणि ती काढल्यावर प्रश्न मिटतो. बऱ्याचदा मात्र मेलेल्या हाडाचा किंवा कूर्चेचा तुकडा राहिलेला असतो, आणि तोंडापासून तो दोन-तीन इंच दूर असू शकतो. सीटी करून वाट शोधावी. पेशंट स्थिर असेल तर नमुना घेण्याआधी दोन आठवडे अँटिबायोटिक थांबवावं, आणि टीबी व त्याच्या जातभाईंसाठी वेगळं कल्चर लावावं. जीन एक्सपर्ट ही जनुकांवरून जंतू ओळखणारी तपासणी तासांत उत्तर देते, पण ती टीबीपुरतीच. जातभाईंसाठी कल्चरची वाट बघावी लागते, त्याला सहा आठवडेही लागतात. तोवर साध्या कल्चरचा ‘नो ग्रोथ’ हाती आला म्हणून तपास बंद करायचा नाही.